आधी बोट, मग बाकी सगळं: ऑक्टोबरमध्ये क्रोएशियाच्या किनाऱ्यावर

आईचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. आजही आमची गाडी दाभोळ-धोपावे फेरीबोटीत चढली की ती काच पूर्ण खाली करते आणि पलीकडे पोचेपर्यंत कुणाशी बोलत नाही. मे २०२४ मध्ये तिला म्हटलं, "आई, यंदा तू म्हणशील तिथे जाऊ." ती म्हणाली, "गाडी बोटीत चढेल असं कुठेतरी जाऊ गं. आणि घाई नको."

तिथून पाच महिने मी, नवरा आणि आई या एकाच कामात होतो. तिघांपैकी कुणीही परदेशात गाडी चालवली नव्हती. आता सगळं पार पडलंय, तर ज्यांना असं काही करायचंय आणि सुरुवात कुठून करावी कळत नाहीये त्यांच्यासाठी तारखांसकट लिहून ठेवते.

आधी ग्रीस पाहिलं, पण तिथे बेटांमधली अंतरं मोठी आणि बोटीचे प्रवास लांब. क्रोएशियात डाल्मेशियाचा किनारा असा आहे की डोंगर, रस्ता, समुद्र आणि बेटांची रांग एकमेकांना लागून. १ जानेवारी २०२३ पासून हा देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातही आला आणि तिथे युरोही सुरू झाला, त्यामुळे व्हिसा आणि चलन दोन्ही सोपं झालं होतं.

तारखा मात्र पंचांगानेच ठरवल्या. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे तोबा गर्दी आणि दुप्पट भाडी. सप्टेंबरच्या मध्यापासून २ ऑक्टोबरपर्यंत पितृपक्ष, त्यात बाबांची तिथी. ती घरी करायचीच होती. मग ३ ला घटस्थापना. घट सोडून निघायचं कसं, यावर आई दोन दिवस अडली होती. शेवटी मामाकडे घट बसतातच, तिथे तिने फोनवरून सगळं बोलून घेतलं आणि ५ ऑक्टोबरला निघायचं नक्की झालं. जाताना मुंबईहून म्युनिकमार्गे स्प्लिट आणि परतताना दुब्रॉव्हनिकहून, म्हणजे आलेला रस्ता पुन्हा कापायचा नाही. १२ रात्री.

माझी पहिली मोठी चूक इथे झाली. जूनमध्ये मी जो कार्यक्रम आखला तो उन्हाळ्यात गेलेल्या लोकांच्या वर्णनांवरून. स्प्लिट, ह्वार, कोर्चुला, दुब्रॉव्हनिक, सगळीकडे बोटीने उड्या मारत. मग एका रात्री सहज वेळापत्रक उघडलं आणि पोटात गोळा आला. त्या झपाट्याने जाणाऱ्या बोटी कॅटामरान होत्या. त्यात फक्त माणसं जातात, गाडी नाही. गाडी नेणारी बोट म्हणजे 'त्रायेक्त', तिचे मार्ग वेगळे, धक्केही कधीकधी वेगळे. शिवाय सप्टेंबर संपला की फेऱ्या कमी होतात. उन्हाळ्यात दिवसाला सहा-सात असलेल्या ठिकाणी ऑक्टोबरात तीन-चार.

दुसऱ्या दिवशी मी जुना कागद फाडून टाकला आणि नव्या कागदावर फक्त बोटी लिहिल्या. यादोलिनिया ही तिथली सरकारी बोट कंपनी, बहुतेक त्रायेक्त तिचेच. स्प्लिट ते स्तारी ग्राद, दोन तास. ह्वार बेटाच्या दुसऱ्या टोकाला सुचुराय ते मुख्य भूमीवरचं द्रव्हेनिक, अर्धा तास. मुख्य भूमीवरचं प्लोचे ते पेल्येशात्स द्वीपकल्पावरचं त्रपान्य, तासभर. त्याच द्वीपकल्पावरचं ओरेबिच ते कोर्चुला बेटावरचं दोमिन्चे, १५-२० मिनिटं. प्रत्येकीसमोर ऑक्टोबरच्या वेळा, आणि लाल पेनाने दिवसाची शेवटची फेरी. हॉटेलं, जेवणं, बघायच्या जागा त्या वेळांच्या मध्ये जिथे बसल्या तिथे बसवल्या. आधी बोट, मग बाकी सगळं. आणि जिथे एका दिवसात एकाहून जास्त बोटी येत होत्या त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठेवलं नाही. नवरा म्हणाला, एवढे पैसे खर्चून मोकळा दिवस? मी हट्ट धरला. तो मोकळा दिवस पुढे कामाला आला.

व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. आम्ही १० जूनला व्हिसा अर्ज केंद्राची वेळ शोधायला लागलो, तर मिळाली २४ जुलैची. तेव्हा वेळ आधी घ्या, कागद नंतर जमवा. व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून ८० वरून ९० युरो झालं, म्हणजे माणशी साधारण ८,२०० रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क. कागद नेहमीचेच: ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, बँकेची स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं, किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा, राहण्याची आरक्षणं. ही आरक्षणं रद्द करता येतील अशीच घ्या. आमचं पहिलं पाऊल म्युनिकला पडणार होतं, पण सगळ्या रात्री क्रोएशियात, म्हणून अर्ज क्रोएशियाचाच.

अडचण आली ती आईच्या कागदांची. तिचा खर्च मी करणार, म्हणून नातं सिद्ध करायचं. माझ्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचं नाव आहे, पण एका स्पेलिंगने. तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर दुसऱ्याच. एका अक्षराचा फरक. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र केलं की दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, नोटरीकडे शिक्का मारला, सोबत माझा जन्मदाखला आणि विवाह प्रमाणपत्र जोडलं. दोन दिवस गेले, पण खिडकीवर तेच प्रतिज्ञापत्र आधी मागितलं. मुलगी लग्नानंतर नाव बदलून आईवडिलांना नेत असेल तर हा कागद आधीच करून ठेवावा.

एका पत्रात मी तारीखवार कार्यक्रम लिहून दिला होता, बोटींच्या वेळांसकट. खिडकीपलीकडच्या मुलीने तो पूर्ण वाचला. बोटांचे ठसे घेताना आईचे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासलेली बोटं, रेषा पुसट झालेल्या. चार वेळा पुसून, ओलसर करून पाचव्यांदा जमलं. तेवढा वेळ माझा जीव टांगणीला लागला होता.

मग २८ दिवस वाट. नियमाने १५ दिवसांत निर्णय होतो, पण ४५ पर्यंत लागू शकतात. रोज सकाळी संदेश पाहायचा. २१ ऑगस्टला पासपोर्ट आले, तिघांनाही एकदाच प्रवेशाचा व्हिसा. मला आधी वाटलं होतं की एकदाच प्रवेश असेल तर अडकू, कारण क्रोएशियाचा किनारा नेउमला तुटतो. मध्ये बोस्नियाचा छोटा पट्टा येतो आणि बोस्निया शेंगेनमध्ये नाही. तिथे पाऊल टाकलं की आपण बाहेर गेलो. पण २६ जुलै २०२२ ला पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, २,४०४ मीटर लांब, आणि आता बोस्नियाला न शिवता दुब्रॉव्हनिकला जाता येतं. नकाशा मात्र कधीकधी जुन्या रस्त्यावर नेतो, तेव्हा पुलावरूनच जायचंय हे बघून घ्यावं.

व्हिसा आला त्याच आठवड्यात आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याचा अर्ज केला. सारथी पोर्टलवर, शुल्क १,००० रुपये, सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती. आम्हा दोघांचाही काढला. ६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, हातात आला. तो वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्स सोबत असायलाच हवं.

गाडीच्या करारात तीन गोष्टी मी ईमेलवर लेखी विचारून घेतल्या: गाडी बोटीत नेता येईल का, बोटीत असताना नुकसान झालं तर विमा लागू होतो का, आणि स्प्लिटला घेऊन दुब्रॉव्हनिक विमानतळावर सोडायचे किती. पहिल्याला हो. दुसऱ्याला नाही, त्यासाठी जादा संरक्षण घ्यावं लागलं. हे भाड्याच्या पानावर कुठेच ठळक लिहिलेलं नव्हतं. गाडी ऑटोमॅटिक घेतली. महाग पडली, पण स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा, त्यात उजव्या हाताने गिअर टाकायचे, एवढं सगळं एकदम नको होतं. अनामत क्रेडिट कार्डावरच अडकवतात. कार्ड गाडी घेणाऱ्याच्या नावाचं लागतं, फॉरेक्स कार्ड चालत नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का, पिन पाठ आहे का, हे घरूनच तपासून जा.

सामान बांधताना आईचा एक डबा मला बाहेर काढावा लागला. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत. भाजणी, मेतकूट, पोहे, लसणाची चटणी नेली. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या होत्या, त्याचं आईला फार समाधान.

५ तारखेला दुपारी स्प्लिट. पहिले तीन दिवस गाडी घेतलीच नाही. जुनं शहर हा मुळात रोमन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा, चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच्या भिंतींच्या आत आजही लोकांची घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा निघायच्या दिवशी घेतलेली बरी. बाजारात 'सोपार्निक' मिळालं, दोन पातळ पोळ्यांमध्ये पालकासारखी ब्लित्व्हा भाजी भरून निखाऱ्यावर भाजलेलं, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल. आईने एक तुकडा खाल्ला आणि थेट विचारलं, "हे कसं करतात, विचार ना." शाकाहारींनी 'बेझ मेसा' हे दोन शब्द पाठ करावेत, मांसाशिवाय.

८ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी साडेआठला गाडी ताब्यात. चारही बाजूंचा, चाकांचा, काचेचा व्हिडिओ काढला, काउंटरवरच्या माणसासमोर. मग बंदरापर्यंतचा तो दीड किलोमीटर. नवरा गाडी चालवत होता, माझं काम एकच: प्रत्येक वळणाला "उजवीकडे राहा" म्हणायचं. आई मागे रामरक्षा म्हणत होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या देशांतर्गत बोटींचं तिकीट काढलं म्हणजे ठरावीक फेरीत जागा मिळाली असं नाही. ते फक्त तिकीट. जागा रांगेत जो आधी त्याची. ऑक्टोबरात आम्ही सव्वा तास आधी गेलो आणि पहिल्या पंचवीस गाड्यांत होतो, उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नाही. रांगा गंतव्यानुसार वेगळ्या असतात, फलकावर स्तारी ग्राद आहे ना ते पाहून मगच उभं राहा. बोटीत शिरताना नारिंगी जाकिटातला माणूस हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघायचं, आरशाकडे नाही. इतक्या जवळ गाड्या लावतात की दार जेमतेम उघडतं, म्हणून गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत शिरल्या शिरल्या, शेजारची गाडी लागायच्या आधी उतरवून घ्यावं. हँडब्रेक लावा, पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन वर जा.

आई वरच्या डेकवर कठड्याला धरून उभी राहिली. काच खाली करायची नव्हती, सगळं उघडंच होतं. दोन तासांत ती बसली नाही.

स्तारी ग्राद हे गाव ग्रीकांनी इसवी सनपूर्व ३८४ मध्ये वसवलं. गावाबाहेरच्या पठारावर त्यांनी जमिनीचे जे चौकोनी तुकडे पाडले, तेच आजही शेतांच्या हद्दी आहेत, म्हणून २००८ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. हे सगळं मी वाचून गेले होते. पण आई गाडीतून उतरली, एका हद्दीच्या भिंतीजवळ गेली आणि म्हणाली, "अगं, हा तर गडगा!" खरंच गडगा. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. मोठे बाहेर, बारीक पोटात भरलेले. आजोळच्या आंब्याच्या बागेला असाच होता. तिने एक निसटलेला दगड उचलला, दोनदा फिरवून पाहिला आणि नेमका त्याच्या खोबणीत बसवला. पलीकडे ऑलिव्हची तोडणी चालू होती, झाडाखाली जाळी पसरलेली. तिथला म्हातारा थांबून बघत होता. त्याने मान हलवली, आईने हात जोडले. त्या बेटावर आम्ही तीन दिवस होतो, मला आठवतो तो हा प्रसंग.

११ तारखेला, शुक्रवारी, तीन बोटींचा दिवस. आदल्या संध्याकाळपर्यंत 'युगो' होता, आग्नेयेकडून येणारा दमट वारा, पाऊस आणि मोठ्या लाटा घेऊन. सकाळी आकाश लख्ख निळं. मला हायसं वाटलं. बेट ६८ किलोमीटर लांब आणि आम्हाला जवळजवळ पूर्ण कापायचं होतं. येल्साला पेट्रोल भरलं, कारण पुढे गावं विरळ आणि रस्ता अरुंद, वळणावळणांचा. सुचुरायला साडेदहाला पोचलो तर धक्क्यावर पंधरा गाड्या उभ्या आणि बोट नाही. तिकीट खिडकीतल्या बाईंनी एकच शब्द सांगितला, "बूरा."

बूरा म्हणजे डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा ईशान्येचा वारा. पाऊस नाही, ढग नाहीत, नुसते झोत. समोरची मुख्य भूमी इतकी जवळ की घरं मोजता यावीत, आणि मधल्या पाण्यावरून पांढरा फेस धुरासारखा उडत होता. गाडीचं दार मी उघडलं ते हातातून निसटलं. त्या क्षणी मला रडू येईल असं वाटलं. संध्याकाळचं कोर्चुलाचं घर, प्लोचेची बोट, सगळं हातातून जात होतं.

कॉफीच्या दुकानात एका माणसाने समोरचा बियोकोव्हो डोंगर दाखवला. शिखरावर ढगांची टोपी बसली होती. ती उतरली की वारा पडेल, असं तो खुणांनी सांगत होता. भाषा मला कळली नाही, पण आईला कळलं. "टोपी उतरेपर्यंत बसू," म्हणाली आणि डब्यातली थालीपिठं काढली. तिच्या माहेरीही वारा असला की खाडीतली होडी थांबायची, कुणी तक्रार करत नसे.

चार तास थांबलो. क्रोएशियाच्या ऑटोक्लबचं, म्हणजे 'हाक'चं, रस्त्यांच्या स्थितीचं पान फोनवर उघडं होतं. त्यावर बंद असलेले बोटमार्ग आणि पूल दिसतात. प्रवासाच्या दिवशी सकाळी निघण्याआधी ते बघावं, मी त्या दिवशी निळं आकाश पाहून बघितलं नाही. अडीचला फेऱ्या सुरू झाल्या, तीन वाजून गेल्यावर द्रव्हेनिकला उतरलो. प्लोचेला पुढच्या बोटीसाठी थांबलो असतो तर अंधार झाला असता. तिथे ऑक्टोबरच्या मध्यावर सव्वासहाला सूर्य मावळतो. म्हणून त्रपान्यची बोट सोडली आणि पुलाने निघालो. वाटेत नेरेत्व्हा नदीच्या मुखाशी रस्त्याकडेला संत्र्यांच्या टपऱ्याच टपऱ्या, तोडणीचाच हंगाम. पानांसकट एक पिशवी घेतली आणि पूल ओलांडेपर्यंत गाडीभर सालीचा वास होता. ओरेबिचला साडेसहा. शेवटची छोटी बोट मिळाली की नाही ही धाकधूकही उरली नव्हती, कारण कागदावर लाल पेनाने लिहिलेली वेळ त्यानंतरची होती. घरमालकिणीला सुचुरायहूनच उशीर होईल असं कळवलं होतं. ती दारात दिवा लावून थांबली होती.

दुसऱ्या दिवशी दसरा. तोच मोकळा ठेवलेला दिवस. उशिरा उठलो. आईने भाड्याच्या गाडीच्या चाकाजवळ एक संत्रं ठेवलं, स्टिअरिंगला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि अंगणातल्या ऑलिव्हची पानं आमच्या हातावर ठेवली, सोनं म्हणून. एका बाजूने हिरवी, उलटी केली की चांदीसारखी. कुंकू मी परत करायच्या आधी नीट पुसलं.

पुढचा भाग सरळ गेला. १४ ला ओरेबिच, स्तोनची मिठागरं आणि डोंगरावर चढत गेलेली लांबच लांब तटबंदी, मग दुब्रॉव्हनिक. तिथली तटबंदी १,९४० मीटर, तिकीट २०२४ मध्ये ३५ युरो होतं. आई खाली चौकात बसली, आम्ही वर फिरलो. सकाळी आठला जावं, नंतर क्रूझची गर्दी येते. १७ ला विमानतळावर गाडी परत, पुन्हा व्हिडिओ.

खर्चाचं विचाराल तर सगळ्या बोटींचे मिळून, तीन माणसं आणि गाडी, शंभर युरोच्या आसपास लागले. गाडीचं भाडं, जादा विमा आणि दुसऱ्या शहरात सोडण्याचं शुल्क यांनी मात्र ठरवलेल्यापेक्षा दीडपट पैसे घेतले. अनामत कार्डावरून सुटायला १२ दिवस गेले, म्हणजे धनत्रयोदशीला सुटली. तोवर कार्डाची मर्यादा अडकलेली असते, दिवाळीची खरेदी त्यावर ठरवू नका.

दिवाळीत दाभोळला जायचं ठरलंय. काल आईला निघायची वेळ सांगायला फोन केला, तर तिने आधी विचारलं, "धोपाव्याहून शेवटची फेरी कितीची आहे, ते बघितलंस का?"